उत्तरं नसलेली वही

ही गोष्ट १९७१ सालची, मोरोक्कोतल्या फेस शहरातली. कायद्याच्या पहिल्या वर्षाची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. बतूलची वही तिच्या मैत्रिणीने, केंझाने, "उद्या देते गं" म्हणून नेली, ती परत दिलीच नाही. त्या वर्षी दोघीही नापास झाल्या. केंझाला त्याचं काय! तिच्या बापाची औषधांची तीन दुकानं. बतूलचा बाप भिंतींच्या रंगीत फरश्या घडवणारा कारागीर. तो एवढंच म्हणाला, "लेकी, आणखी एक वर्ष. मग हमीदच्या आईला लग्नाचा होकार कळवतो."

बतूलने मनाशी खूणगाठ बांधली. पास व्हायचं, आणि केंझाला धडा शिकवायचा.

तिथली सगळी मुलं जनान स्बील बागेत येरझारा घालत मोठ्याने पाठ करायची. बतूलही करायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आता तिने रीत बदलली. तास संपला की वहीत नुसते प्रश्न लिहायचे. उत्तर चालताना स्वतःलाच सांगायचं. अडलं तर पुस्तक उघडायचं. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, आणि दर वेळी मधूनच कुठूनही. उत्तर लिहून ठेवायचं नाही. डोक्यातलं कोण उसनं नेणार?

मे महिन्यात केंझा बागेत हजर, हातात बदामाच्या करंज्या.

"माझी राणी, अजून रुसलीस? बहिणीबहिणींत चालायचंच. वही दे ना दोन दिवस."

"दोन कशाला? ठेवूनच घे," बतूलने करंजी तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी केंझा धापा टाकत आली. "अगं, यात उत्तरं कुठायत?"

"मागच्या वर्षी नेलेल्या वहीत बघ की!"

केंझाने वर्गातल्या एकाकडून दोनशे उत्तरं लिहून घेतली आणि ओळीने घोकली. लेखी कशीबशी सुटली. तोंडी परीक्षेच्या वेळी बतूल उघड्या दाराबाहेरच्या बाकावर मुद्दाम बसून राहिली. परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकांनी, उस्ताद बेनिसांनी, मधलाच एक प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. केंझाने बोटांवर उत्तरं मोजून पाहिली. मग म्हणाली, "उस्ताद, पहिल्यापासून म्हणू का?"

आत बसलेल्या मुलांमध्ये हशा पिकला. बतूल हसली नाही. तिने तो हशा त्या करंजीसारखा जिभेवर घोळवला.

बतूल पहिली आली. हमीदच्या आईने दुसरी सून शोधली. केंझा शिक्षण सोडून कासाब्लांकाला नवऱ्याच्या घरी गेली. फरश्या घडवणारा बाप लेकीला वकिलाच्या काळ्या झग्यात बघून मगच गेला. उस्ताद बेनिसांच्या खुर्चीवर पुढे बतूल बसली, ती निवृत्तीपर्यंत.

त्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला केंझाची नात समोर आली. नाकडोळे तेच. बतूलने मुद्दाम मधलाच प्रश्न विचारला, तोही फिरवून. पोरीने न अडखळता उत्तर दिलं. एकामागून एक दहा प्रश्न झाले, एकही चुकली नाही.

"असा अभ्यास कुणी शिकवला गं?"

"आजीनं. तिच्याकडे एक जुनी वही आहे, नुसत्या प्रश्नांची."

बतूलने गुणांचा कागद पुढे ओढला. मग तिने वीसपैकी एकोणीस लिहिले. कापलेला तो एक गुण कधीच परत न आलेल्या पहिल्या वहीचा होता.