सातव्या मजल्यावरची पडवी

पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने झाले तरी बाबा चालायला तयार नव्हते. फिजिओथेरपिस्ट अजित रोज सकाळी यायचा, गोड बोलायचा आणि हात हलवत परत जायचा. शेवटी त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, उजवा पाय उचलायला आता सुरुवात झाली नाही, तर पुढे तो उचलला जाणारच नाही."

गिरणीत तीस वर्षं उभ्याने काम केलेला माणूस आता व्हीलचेअरमध्ये बसून पंख्याकडे बघत राहायचा. मी रागावले, रडले, जिलेबीचं आमिष दाखवलं. ढिम्म! हट्टीपणात मी त्यांचीच मुलगी, त्यामुळे मीही सोडणार नव्हते.

एकच विषय निघाला की ते बोलायचे: गावचं घर. चुलतभावाने ते पाडून तिथे स्लॅबचं बांधलं, त्याला नऊ वर्षं झाली. पण माझ्या डोक्यात ते अजून उभं होतं. मे महिन्यात एसटीतून उतरून त्या घरात शिरले की माझ्यासारखी बडबडी मुलगी गप्प व्हायची. काळाचौकीच्या चाळीत एका खोलीत आम्ही सातजण राहायचो, आणि इथे एवढी जागा, जिच्यात कुणीच नाही! माजघरात भर दुपारी काळोख. छपरातल्या काचेच्या कौलातून एकच कवडसा खाली यायचा, सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरकायचा, आणि तो खांबाशी पोचला की आजोबा जेवायला उठायचे. सूर्य आजोबांना विचारून घरात येतो, असं मला खरोखर वाटायचं.

तेच घर काढायचं मी ठरवलं. कागदावर नाही, खऱ्या मापाचं. निदान बघायला तरी बाबा खुर्चीतून उठतील म्हणून. चाळीच्या जागी टॉवर झाल्यापासून आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. खालचे सहा मजले गाड्यांचे, आणि त्यांच्यावरची उघडी गच्ची, म्हणजे गाड्या ठेवायचं मोठं पोडियम, आमच्या दारासमोरच आहे. गाड्या ऑफिसला गेल्यावर मी लालबागहून आणलेली चार किलो रांगोळी घेऊन कामाला लागले.

"मॅडम, सेक्रेटरी बोंबलतील," वॉचमन रामजी म्हणाला.

"बोंबलू देत. तुम्ही पिशवी धरा."

माजघराची लांबी बारा पावलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी शंभरदा मोजली होती. मी बारा पावलं टाकली आणि रेघ ओढली. पडवी, देवखोली, स्वयंपाकघर, दाराला दोन रेघांचा उंबरा. मग अजितने बाबांची खुर्ची बाहेर आणली.

बाबा सगळ्या रेघांवरून नजर फिरवत गेले. मग भडकले.

"ह्या काय गो, राजवाडो? माजघर येवढा होता?"

"बारा पावलं होतं, बाबा. मी मोजलंय."

"आठ वर्सांची पावला ती!"

पावलं मी लहानपणची आठवली होती आणि टाकली होती आत्ताची. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी झाडू घेऊन भिंत आत सरकवली. "आणखी आत," ते म्हणाले. "आणखी." पडवी अरुंद झाली, देवखोली तर निम्मीच उरली. जिच्यापुढे मी गप्प व्हायचे ती जागा एवढीशी होती, हे बघताना मला वाईट वाटत होतं.

"दार थंय नाय," बाबा ओरडले. बसल्या जागेवरून दाखवता येईना. त्यांनी माझा खांदा धरला आणि ते उभे राहिले. अजित बोलायला गेला, मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

माझा खांदा न सोडता, उजवा पाय घासत ते पडवीतून दारापर्यंत आले आणि थांबले. खाली उंबऱ्याच्या रेघा होत्या. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आमच्या घरात बोलायच्या आधी शिकवतात. बाबांनी मान वाकवली, कारण ते दार बुटकं होतं. आणि मग त्यांचा उजवा पाय, तीन महिने लाकडासारखा पडलेला पाय, वर उठला. चांगला वीतभर. रेघेला न लागता पलीकडे टेकला.

वर मोकळं आभाळ होतं, समोर क्रेन फिरत होती, आणि तरी मी शपथेवर सांगते, बाबा आत गेले होते. त्यांना धरून असूनही मी बाहेर होते, आम्ही सगळेच.

"रामजी, देवखोलीत बूट?" आतून आवाज आला. रामजीने निमूटपणे बूट काढून हातात घेतले.

सगळं घर फिरून बाबा घामाघूम झाले. अजितने खुर्ची पडवीत आणली.

"उद्या बाव काढ," ते धापा टाकत म्हणाले.

विहीर मला चांगली आठवते. मागच्या दारापासून चार पावलांवर. लहान पावलांनी चार. आजी चुलीपाशी बसून विहिरीवरच्या माणसाशी बोलायची. मी हात मागच्या दाराकडे केला.

"थंय नाय. बाव लांब होती."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. वाद घालायची सवय मला जन्माची, पण त्या दिवशी मी घातला नाही.

"हो, लांबच होती," मी म्हटलं. "केवढी लांब, बाबा?"

त्यांनी डावा हात उचलला आणि पोडियमच्या पार टोकाला उभी असलेली शेवटची गाडी दाखवली.