हुपरीच्या डबीला कस्टम

शशिधर जर्मनीत वारला, तिथंच त्याला माती दिली, त्याला आता महिना होत आला. आज त्याच्या मित्रांनी पाठवलेलं पार्सल सोडवायला त्याचे वडील शिवमूर्ती कोल्हापुरातल्या कुरियर ऑफिसात आले होते.

“चांदीचा दागिना हाय, काका. कस्टम ड्यूटी भरायची, वर आमचा हँडलिंग चार्ज,” काउंटरवरची मोना म्हणाली.

“दागिना न्हवं, लिंगाची डबी हाय. हुपरीत मीच करून घेतलीया. आपल्याच चांदीला कसलं कस्टम?”

“बाहेरनं आली की बाहेरचीच धरत्यात.”

एरवी शिवमूर्तींनी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांनी मुकाट्यानं पैसे भरले आणि खोकं तिथंच फोडलं. डबी रिकामी असेल असं त्यांनी धरलं होतं. पण आत लिंग तसंच होतं. लिंगायतांत जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं ते लिंग माती देताना तळहातावर ठेवायचं असतं, सोबत पुरायचं असतं. मित्रांना हे कोण सांगणार? त्यांनी किमती वस्तू म्हणून डबी जपून काढून ठेवली होती. पोरगा रिकाम्या हातानं गेला होता.

शिवमूर्तींना रडू आलं नाही. त्यांनी डबी मिटली आणि काउंटरवर ठेवली.

“हे परत तिकडं धाडायचं.”

मोनानं कीबोर्ड पुढं ओढला. “पत्ता?”

त्यांनी दफनभूमीचं नाव सांगितलं.

“घेणाऱ्याचं नाव?”

“शशिधर.”

“मोबाईल नंबर?”

शिवमूर्तींनी पोराचा नंबर तोंडपाठ सांगितला.