अण्णांची शीर

मल्हाररावांनी लेकीच्या बुटाचा तळ उलटा करून खिळ्याने माती खरवडली, बोटांत चुरली आणि हुंगली.

“तांबडी आहे.”

“बेंगळुरात माती तांबडीच असते, अण्णा,” अक्षरा म्हणाली. तिचा उजवा गुडघा तपासणीसाठी स्टुलावर मांडलेला होता.

“ही खोखोच्या मैदानातली आहे. पळालीस तू.”

“उभी होते. बघत.”

“उभं राहून एवढी चढत नाही.”

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या वर्कशॉपातून त्यांनी जाडी मोजायचा व्हर्निअर आणला होता. रोज सकाळी ते लेकीचे दोन्ही गुडघे मोजत आणि फरक निघाला नाही तर व्हर्निअरवर संशय घेत.

गेल्या वर्षी खांबापाशी वळताना अक्षराच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. तिच्या स्वतःच्या शिरा बारीक आणि सैल निघाल्या, म्हणून मल्हाररावांच्या मांडीमागची एक शीर, डॉक्टरांच्या भाषेत स्नायूबंध, काढून तिला बसवली. हाडांत भोकं पाडून ती त्यांतून ओवली आणि स्क्रूने आवळली. स्क्रू फक्त सुरुवातीपुरता, डॉक्टर म्हणाले होते. शेवटी हाडानेच शीर धरायला हवी. जन्मभर भोकं पाडून पोट भरलेल्या मल्हाररावांना हे मुळीच पटलं नव्हतं. भोक कधी कुणाला धरतं का?

तेव्हापासून तो गुडघा त्यांच्या हिश्शाचा झाला. अक्षरा जिने भराभर उतरली की खालून आवाज येई, “सावकाश. माझी शीर आहे ती.” पाहुण्यांनाही सांगून झालं होतं. शेवटी त्यांची बायको प्रेमा म्हणाली, “एक शीर दिलीत तर एवढं. मी आख्खी पोरगी दिली, बोलले का कधी?”

रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. अक्षराने विचारलं, तेव्हा उत्तर तयार होतं: शीर माझी, मी नाही म्हणतो. डॉक्टर काय म्हणतात ते तरी ऐकू, एवढ्यावर अक्षराच्या आईने तह घडवला.

डॉक्टर नागराज निपाणीकडचे. त्यांनी अक्षराला एका पायावर उड्या मारायला लावल्या, गुडघा पुढे ओढून पाहिला, मग स्कॅन उजेडात धरला.

“झकास. हाडातनं धागे आलेत, शिरेत घुसलेत. आता स्क्रू नसला तरी चालतंय. खेळू दे की.”

मल्हाररावांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग अक्षराकडे. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, हे त्यांना फार संशयास्पद वाटलं.

“माझी शीर आहे म्हणून विचारतो. आतून कुजली-बिजली नाही ना?”

“तुमची कुठली आता? तुमच्या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मेल्या. नुसता सांगाडा उरला. त्यात हिच्या पेशी शिरल्या, हिचं रक्त फिरायला लागलं. तुमचं काही राहिलं नाही बघा त्यात.”

मल्हाररावांनी स्कॅन स्वतःच्या हातात घेऊन उजेडात धरला.

“मेल्या,” ते म्हणाले. “आणि आम्हाला कुणी कळवलं नाही.”

“कळवायचं काय त्यात? असंच होतंय. मेल्या म्हणून तर हिची झाली ती.”

मल्हाररावांनी जवळच्या घरात गमी झाल्यासारखी मान हलवली.

“डॉक्टर,” अक्षरा म्हणाली, “अण्णांची परत येते का? काढलेली?”

“पुष्कळांची येते बऱ्यापैकी. ताकद मात्र करून घ्यावी लागते. व्यायाम चालू आहे ना यांचा?”

“चालू आहे,” मल्हारराव म्हणाले.

“रिक्षात चढताना डावा पाय हातानं उचलून ठेवतात,” अक्षरा म्हणाली.

“सवय आहे ती.”

डॉक्टरांनी टेबलाकडे बोट केलं. मल्हारराव कुरकुरत पालथे झाले. अक्षराने पुढे होऊन त्यांच्या टाचेवर तळवा ठेवला.

“गुडघ्यात वाकवा. माझा हात ढकला.”

हात होता तिथेच राहिला.

“रविवारी जा तू,” मल्हारराव उशीत म्हणाले. “सरी? ठीक?”

“ते नंतर. जोर लावा.”

“लावलाय.”

अक्षराने हातातली टाच नीट निरखली. मग वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“अण्णा,” ती म्हणाली, “खरं सांगा. व्यायाम एक दिवस तरी केलात का?”