सर्वत्र प्रचलित

सुरी भोपळ्यात अर्ध्यावर अडकली होती आणि बायको काहीच बोलत नव्हती.

कोशकार स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पाणी प्यायला आल्याचे त्याने दाखवले होते. पण पेला केव्हाच रिकामा झाला होता आणि अजूनही ओठांना लागलेलाच होता. सदऱ्याच्या खिशात कोरी चिठ्ठी आणि बोटभर पेन्सिल तयार होती. बायकोने सुरी हलवून पाहिली. ती पुढे जाईना, मागेही येईना. तिने सुरीसकट भोपळा उचलून ओट्यावर आपटला, पुन्हा आपटला. पूर्वी एवढ्या अवधीत त्या भोपळ्याचा, सुरीचा आणि सुरी पसंत करून आणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होऊन गेला असता. आता नुसता नळ ठिबकत होता, आणि थेंबागणिक स्वयंपाकघर थोडे अधिक खोल होत चालले होते.

शेवटी तिने मान वर केली.

“या सुरीची कार्यक्षमता घटली आहे,” ती म्हणाली. “आपण योग्य ती कार्यवाही करावी.”

कोशकाराने पेला खाली ठेवला. चिठ्ठी खिशातच राहिली.

सुरी त्यानेच बोथट केली होती. सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर मागच्या पायरीच्या दगडावर त्याने तिचे पाते आडवेतिडवे घासले होते. हेतू वाईट नव्हता. त्याला एक वाक्य हवे होते.

तो ज्या शब्दकोशाच्या कार्यालयात काम करीत असे, तिथे एक नियम होता. कोणत्याही शब्दाचा कोणताही अर्थ जिवंत माणसाच्या वाक्यावाचून छापायचा नाही, आणि ते वाक्य त्या माणसाच्या तोंडून आपसूक निघालेले असावे. पुस्तकातले चालत नसे. मागून घेतलेले चालत नसे. वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याच्या व्यवसायाची खूण येई. शिंप्याचे वाक्य असेल तर ‘शिं.’, खाटकाचे असेल तर ‘खा.’. जे वाक्य कुणाच्याही तोंडी असते, ज्याला धनी नाही, त्याच्यापुढे ‘सर्व.’, म्हणजे सर्वत्र प्रचलित. आणखी एक नियम होता. कोशकाराच्या घरच्यांची साक्ष ग्राह्य नाही. पूर्वीच्या एका कोशकाराने ‘अ’पासून ‘औ’पर्यंतची बहुतेक उदाहरणे आपल्या सासऱ्यांची म्हणून घातली होती, आणि ते सासरे लग्नाआधीच निवर्तले होते असे पुढे उघडकीस आले.

पण या कोशकाराने संसार मांडला होता तो अशा बाईशी, जिच्याकडे भाषा माहेरी आल्यासारखी वागत असे. दिवसभर कार्यालयात शब्द टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांसारखे त्याच्यापुढे पडलेले असत, आणि संध्याकाळी तेच शब्द तिच्या तोंडून भिंतीभिंतीवर उडताना त्याला दिसत. त्याला मोह आवरला नाही. जिथे जिथे एखादा अर्थ उपाशी राहिला होता, तिथे त्याने तिचे वाक्य वाढले. घरचे म्हणून सांगायची सोय नव्हती, तेव्हा पुढे ‘सर्व.’ लिहिले.

‘क’ ते ‘न’ हा खंड छापून घरी आला त्या दिवशी तिने तो कपाटाला टेकून उभ्या उभ्याच वाचला. ‘कड’ वाचला, ‘काठ’ वाचला. ‘धार’पाशी ती बराच वेळ थांबली. शस्त्राची धार, डोंगराची धार, दुधाची धार, आणि त्यांच्या खाली अखंड बोलण्याची धार: ‘तुमचं बोलणं म्हणजे तेलाची धार, तुटतही नाही आणि पोटही भरत नाही. सर्व.’ मग तिने खंड मिटला, वेष्टनावर उमटलेला ओल्या बोटांचा ठसा पुसला, आणि त्या क्षणापासून ती नवऱ्याशी सरकारी फलकासारखी बोलू लागली.

“भोजन तयार आहे.”

“आपला सदरा वाळला आहे.”

इतरांशी ती पूर्वीसारखीच बोले. बहिणीशी फोनवर बोलताना तिचे हसणे जिन्यापर्यंत ऐकू येई. कोशकार चपला न वाजवता दाराशी कान देऊन उभा राही. पण तिला कसे कोण जाणे, कळेच.

“बरं, ठेवते,” आतून आवाज येई. “संबंधित व्यक्ती आलेली आहे.”

कार्यालयात मुद्रितशोधकाला सगळे अनुस्वार म्हणत. तो बुटका आणि गोल होता, आणि दिवसभर एका उंच स्टुलावर बसून सगळ्यांच्या डोक्यावरून खाली पाही. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक पानावर ‘मुद्रणयोग्य’ असा शिक्का मारण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि शिक्का मारण्याआधी तो त्यावर हळूच फुंकर घाली.

“‘शिक्का’ झाला,” तो म्हणाला. “टपालाचा शिक्का, नाण्याचा शिक्का, माणसाच्या कपाळावर बसतो तो शिक्का, सगळ्यांना वाक्यं आहेत. ‘सुरी’ कुठे अडली?”

“दुसऱ्या अर्थावर. आतून कापणारा माणूस. घातकी.”

“खाटकाकडे जाऊन आलात?”

“आलो. तो म्हणाला, सुरी म्हणजे सुरी, कापून हवं असेल तर बोला, नाहीतर मागच्याला पुढे येऊ द्या.”

“वाक्य झकास आहे.”

“ते पहिल्या अर्थाला घातलं. दुसऱ्याला काही नाही. हा अर्थ ठाऊक सगळ्यांना आहे, पण बोलून कुणी दाखवत नाही.”

“मग न्हावी?”

“वस्तऱ्याखाली मान देऊन घातकीपणाचा विषय काढायचा? तुम्ही जाऊन या.”

अनुस्वाराने आपल्या मानेवरून हात फिरवला. “आठवड्याअखेर पान छपाईला जायचंय. वाक्य नसेल तर अर्थ गाळावा लागेल. उगाच सूत कातत बसू नका, वहिनींच्या आसपास घुटमळा जरा. शेजारीपाजारीच ऐकू आलं म्हणून सांगता येईल.”

“ती माझ्याशी परिपत्रकात बोलते.”

“का?”

कोशकाराने आवाज खाली आणला. “‘कड’ आठवतो? चौथा अर्थ?”

अनुस्वाराला आठवत होते. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “‘तुम्ही माझी कड घेतलीत ती फक्त पलंगावर.’ मीच तपासलं ते. पुढे ‘सर्व.’ होतं, म्हणून म्हटलं, म्हणत असतील लोक. आमच्याकडे नाही म्हणत.”

“घरातलं चव्हाट्यावर आणलं मी. तोंड दाखवायला जागा नाही राहिली तिला.”

“मग इथे काय बसलात? घरी जा, कान धरा. आणि एकदाच धरून भागेल असं समजू नका. संसार म्हणजे खंड नव्हे, शेवटच्या पानावर शुद्धिपत्र लावलं की सुटलो.”

त्या संध्याकाळी बायको टेबलाशी बसून सदऱ्याला गुंडी लावत होती. टेबलाच्या मध्यावर भोपळा होता. सुरी आता बाहेर निघाली होती आणि त्याच्या शेजारी पडली होती. कोशकार समोरच्या खुर्चीत बसला. त्याने घसा खाकरला.

“ते पलंगाचं वाक्य,” तो म्हणाला, “मी काढून टाकतो. शेवटच्या खंडात शुद्धिपत्र आहेच. ते तुझं होतं असं कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“कुणाला कळणारसुद्धा नाही,” ती म्हणाली.

“माझं चुकलं. तुला किती लाज वाटली असेल—”

“लाज?” तिने दोरा दाताने तोडला. “अहो, मी शिंप्याकडे जाऊन आले.”

कोशकाराला काही उमगले नाही. पण ‘अहो’ ऐकून तो खुर्चीत थोडा पुढे सरकला.

“शिंप्याकडे गेले, दूधवाल्याला गाठलं, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. प्रत्येकाला विचारलं, तेलाची धार, तुटतही नाही आणि पोटही भरत नाही, असं तुम्ही म्हणता का हो? शिंपी म्हणाला, ताई, काय बोललात. दूधवाल्याला वाटलं, त्याच्या दुधाबद्दल आहे. दोन दिवस दूध दाट आलं, तुम्हाला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या गोळ्या दिल्या. आणि बहीण म्हणाली, बाई गं, असलं आगाऊ बोलणारी आपल्याकडे तू एकटीच.” तिने सदरा झटकला. “सर्वत्र प्रचलित म्हणे. कुठे आहे हो ते सर्वत्र? मी सगळीकडे फिरून आले.”

कोशकाराच्या तोंडाशी दोन-तीन उत्तरे आली. ती सगळी प्रस्तावनेच्या भाषेत होती. त्याने त्यांतले सर्वांत लहान निवडले.

“घरच्यांची साक्ष चालत नाही. नियम आहे.”

“मग घालायचं नव्हतं.”

“इतकं चांगलं वाक्य—”

“चांगलं होतं ना? शिंपी ‘कात्री बोथट झाली’ म्हणाला, तर त्याला ‘शिं.’. दूधवाला ‘धार काढतो’ म्हणाला, दुसरं काय म्हणणार तो, त्याला ‘दू.’. आणि माझ्यावर मारलात ‘सर्व.’चा शिक्का. म्हणजे मी तोंडानं बोलले नाहीच. रस्त्यात पडलं होतं, तुम्ही उचललंत.”

ती हे आवाज चढवून बोलली नाही. कोशकाराने टेबलाच्या कडेवर बोट फिरवले. त्या कडेचे लाकूड तिच्या मनगटाने इतक्या वर्षांत गोल करून टाकले होते, हे त्याला आज दिसले.

तिने सुरी उचलली आणि पात्यावर अंगठा फिरवला. पाते अंगठ्याला खरखरीत लागले.

“आणि ही,” ती म्हणाली. “मागच्या पायरीवर ओरखडे आहेत. घूस आली असेल, असं मी आधी समजले.”

“मला वाक्य हवं होतं,” कोशकार म्हणाला. “‘सुरी’साठी. तू काहीतरी बोलशील असं वाटलं.”

तिने त्याच्याकडे पाहिले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. तो राग होता की दुसरे काही, हे एवढे अर्थ पोटात घेऊन बसलेल्या त्या माणसालाही सांगता आले नसते.

“केसानं गळा कापणाऱ्या सुरीला,” ती म्हणाली, “धार असली काय नि नसली काय?”

कोशकाराचा हात आपसूक खिशाकडे गेला. पेन्सिलीचे टोक बोटाला लागले. दुसरा अर्थ अखेर भरला होता, काठोकाठ, आणि तो मागून मिळालेला नव्हता. हात खिशाशी तसाच राहिला. मग त्याने तो रिकामाच बाहेर काढून टेबलावर ठेवला.

“लिहा की,” ती म्हणाली. “हात का आखडला?”

“पुढे खूण कुठली घालू?”

“ते तुमचं तुम्ही बघा. कोशकार तुम्ही.” तिने सुरी त्याच्या पुढ्यात सरकवली. “आणि आधी हिला धार लावून आणा. पायरीवर नको, धारवाल्याकडे. तुमच्या हातून एकदा झालं तेवढं पुरे. तोवर भोपळा काय कपाळावर फोडू?”

कोशकाराने ऐकले, आणि खाली मान घालून, हसू दिसू नये अशा बेताने, सुरी जवळ ओढली. बाहेर अंधार पडू लागला होता. धारवाल्याचे दुकान सकाळी कार्यालयाच्या वेळेला उघडत असे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोशकार पिशवी घेऊन उठला, तेव्हा अनुस्वार स्टुलावरून खाली उतरला होता. असे क्वचितच होई. त्याच्या एका हातात ‘सुरी’चे पान होते आणि दुसऱ्या हातात शिक्का. शाईची पेटी उघडी होती.

“वाक्य पहिल्या प्रतीचं आहे,” तो म्हणाला. “पण पुढे हे काय लिहिलंत? ‘एक.’?”

कोशकार पिशवीत वाकून पाहत होता. आत जुन्या मुद्रितात गुंडाळलेली सुरी होती. तिचे टोक कागदातून बाहेर आले होते. त्याने ते पुन्हा झाकले.

“संक्षेपांच्या यादीत ‘एक.’ नाही. एकवचन म्हणावं, तर ते ‘ए.व.’. आणि शुद्धिपत्रातही तेच. ‘कड’, ‘काठ’, ‘धार’, जिथे तिथे ‘सर्व.’च्या जागी ‘एक.’ वाचावे. मुख्य संपादक विचारतील, हा कुठला व्यवसाय? शिक्का माझा आहे, जाब मला द्यावा लागेल.”

कोशकाराने पिशवी खांद्याला लावली.

“अहो, निदान मला तरी सांगा. ‘एक.’ म्हणजे कुठे प्रचलित?”

कोशकार चपला घालून जिना उतरू लागला. तो वळणापर्यंत पोहोचला तेव्हा वरून फुंकर घातल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने, ठप्प.