यंत्रस्वामींचा आठ कळांचा मंत्र

वाचनालयाच्या श्राव्य विभागात बघ्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. दृष्टिहीन वाचकांना पुस्तकं वाचून दाखवणारा तिथला संगणक आठवडाभर रोज सकाळी मुका व्हायचा आणि यंत्रस्वामींनी मंत्र म्हटला की त्याला वाचा फुटायची!

“डोळे मिटा! उघड्या डोळ्यांतून शक्ती गळते,” स्वामी कळफलकापुढे बसून गरजले. “लहरी, महालहरी, कृपा करी ध्वनीश्वरी!”

ग्रंथपालबाईंनीही डोळे मिटले. न मिटून सांगतात कोणाला? त्यांच्या हातातल्या दोषामुळे संगणक मुका होतो, असं स्वामींनी सांगितलं होतं आणि वाचनालयाच्या अध्यक्षांनी उद्यापासून त्यांची रवानगी गोदामात केली होती. बाईंना रडू आवरत नव्हतं.

“नमस्कार, पुस्तक निवडा,” संगणक बोलला. टाळ्यांचा कडकडाट!

पहिल्या रांगेतल्या आजींनी मात्र टाळी वाजवली नाही. तीस वर्षं त्यांनी टायपिंग शिकवलं होतं. नजर गेली, तरी कान तिखट होते.

“स्वामी, मंत्र तोंडाचा की बोटांचा? आठ कळा, मग स्पेसबार, आणखी काही कळा, शेवटी एंटर. रोज तेच ऐकतेय.”

“तो लहरींचा कंप, माते!”

“कंपाला स्पेसबार लागतो होय?”

हशा पिकला. बाईंना धीर आला. त्यांनी आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली आणि वर जाणारा बाण दाबला. शेवटची आज्ञा हजर!

“मॉडप्रोब! इंग्रजीत बरोब्बर आठ अक्षरं! अहो, हा संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीला प्रत्येक उपकरणाची भाषा येत नाही. मॉड्यूल नावाचा छोटा प्रोग्रॅम हा त्यांचा दुभाष्या. तो रोज आपोआप कामावर यायला हवा, पण इथे...” त्यांनी एक फाइल उघडली. “इथे आवाजाच्या दुभाष्याचं नाव काळ्या यादीत आहे! म्हणजे मॉडप्रोबने हाक मारल्याशिवाय तो येणार नाही. आणि फाइलची तारीख? स्वामी फुकट तपासणीला आले होते, त्याच दिवसाची!”

बाईंनी ती ओळ पुसली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. सगळे डोळे विस्फारून बघत होते. स्वामी चपला शोधत होते.

“नमस्कार, पुस्तक निवडा.”

अध्यक्ष खाकरले. “बाई, ते गोदामाचं राहू द्या.”

“राहू कशाला द्या? स्वामींची गादी ठेवू की तिथे!” बाई म्हणाल्या.

हसणं ओसरल्यावर आजी म्हणाल्या, “बाळांनो, जो तुम्हाला डोळे मिटायला सांगतो, त्याच्यासमोर ते आधी उघडा. मला नाही उघडता येत. तुम्हाला येतात ना?”