सेंटरचं गणगोत

"सेंटर," टर्नरने ताटलीच्या मधोमध बोट टेकवलं. "म्हण बघू."

बायकोने ताटलीकडे पाहिलं. ओठ जुळले, थरथरले, सुटले. "नाही," ती म्हणाली.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्याजवळ उरलेला हा एकमेव शब्द. संसारात तिला तोच सगळ्यात जास्त लागला, म्हणून वाचला असावा, असं टर्नर हसत सांगे. सव्वीस वर्षं तिने शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. झटक्याने उजवा हात लुळा पडला आणि दोन्ही भाषा गेल्या. टर्नर आठवी पास, कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा. त्याचं इंग्रजी लेथच्या सुट्या भागांपलीकडे गेलं नव्हतं.

"सुटे शब्द देऊ नका," वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "एका कुळातले द्या. तुम्हाला हाताने दाखवता येतील असे."

हाताने दाखवता येईल असा त्याच्याकडे एकच शब्द होता. लेथवर कातायचा तुकडा, म्हणजे जॉब, सेंटरला लागला नाही तर पुढचं सगळं काम वाकडं जातं, हे तो तीस वर्षं बघत आला होता. मग त्याने बायकोची डिक्शनरी डब्याच्या पिशवीत घातली आणि जेवणाच्या सुट्टीत सेंटरचं गणगोत शोधायला लागला.

"काय राव, या वयात साहेब व्हायचंय?" फिटरने विचारलं.

"साहेब नाही, मास्तर. विद्यार्थी एकच आहे, पण फार कडक."

रोज संध्याकाळी तास भरे. सायकलचं चाक घरात आलं. आऱ्या जिथे मिळतात तो हब. कात्रीचे दोन पाय ज्या खिळ्यावर फिरतात तो पिव्हट. भिंगातून कागदावर उन्हाचा ठिपका पाडला, तो फोकस. सफरचंद कापून मधला बियांचा भाग दाखवला, तो कोअर, तेव्हा तिने फोड उचलून भिंतीवर मारली. टर्नरने भिंत पुसली आणि दुसरं सफरचंद कापलं.

महिना गेला. एकदा चाक उचलून ठेवत तो म्हणाला, "चल, आज पुरे."

"अजून," ती म्हणाली.

टर्नर चाक हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसला.

त्याच आठवड्यात शाळेचं पत्र आलं. रजा महिनाअखेर संपते; कामावर रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या.

"बाबा, आईला किती दमवाल?" मुलगी फोनवर म्हणाली. "तिच्या वतीने सही करा आणि मोकळे व्हा."

"नोकरी तिची आहे. सोडायची की नाही, ती ठरवेल."

शेवटच्या दिवशी दोघं शाळेत गेली. मुख्याध्यापिकांनी राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला, तशी बायको "नाही" म्हणाली. त्यांनी बराच विचार केला. "एक तास घेऊन बघा, बाई. आम्ही मागे बसतो."

बाईंनी डाव्या हातात खडू घेतला. फळ्यावर वर्तुळ काढलं. ते जरा चेपलेलंच आलं. आत एक ठिपका दिला आणि वर्गाकडे वळून भुवया उंचावल्या.

"सेंटर," एक मुलगी म्हणाली.

बाईंनी वाकड्या अक्षरांत शब्द लिहिला. "अजून?"

"मिडल."

"अजून?"

हब आला, फोकस आला. मागच्या बाकावरून कुणीतरी न्यूक्लिअस म्हणालं, तो टर्नरलाही माहीत नव्हता. कोअर आला तेव्हा बाईंनी त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि थांबल्या.

"म्हणजे मध्य," एक मुलगा म्हणाला.

"नाही."

"बी?"

"नाही."

बाईंनी डोळे मिटले. खडू मुठीत आवळला गेला. टर्नरच्या ओठांवर शब्द येऊन ठेपला होता. त्याने दातांखाली ओठ धरला.

"गा…" त्या म्हणाल्या. "गा… गाभा."

पोरांनी माना खाली घालून वहीत लिहून घेतलं.

घंटा झाली. ऑफिसात मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, तास छान झाला. पण दिवसाला असे सहा तास…"

बायको खुर्चीला टेकली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने टर्नरकडे पाहिलं. मग तिने राजीनाम्याचा कागद स्वतःच पुढे ओढला.

"मी करू का सही?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

त्याने कागद नुसता दाबून धरला. डाव्या हाताने पूर्ण नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ती उठली. टर्नर फाटकाकडे वळला, पण ती वर्गात शिरली. मधली सुट्टी झाली होती. आत कुणी नव्हतं. तिने डस्टर घेतला आणि एकेक शब्द पुसत गेली. वरच्या ओळीला हात पुरेना, तशी टाचा उंचावून उभी राहिली. टर्नर एक पाऊल पुढे झाला आणि दारातच थांबला.

फळा स्वच्छ झाला. तिने पदरावरची खडूची पूड झटकली, डस्टर जागेवर ठेवला आणि पुढच्या तासाच्या बाईंसाठी खुर्ची सरळ केली.