मत आणि टोमणा

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या दोन तपांच्या नोकरीवर तीन ओळींनी गंडांतर आणलं. समाजमाध्यमावर त्या टाकताना सर गालातल्या गालात हसत होते. ‘आज वर्गात एका विद्यार्थिनीने विचारलं, बसप्रवास सगळ्यांना फुकट का नाही? अशा बुद्धीवर शिक्षणाचा खर्च करण्यापेक्षा तिकीट फुकट दिलेलं स्वस्त पडेल.’

ती कोण, हे वर्गाला ठाऊकच होतं. ‘फुकट’ हेच तिचं नाव पडलं आणि तिने वर्गात येणं सोडलं. मग कुणी सरांच्या हकालपट्टीची मागणी केली, तर कुणी त्यांना निर्भीड म्हणत डोक्यावर घेतलं. महाविद्यालयाने चौकशी समिती नेमली. विभागप्रमुखपद हाताशी आलं होतं. आता होती ती नोकरी राहील का, हाच प्रश्न होता.

समितीपुढे वाचायचं निवेदन सरांनी थोरल्या बहिणीला दाखवलं. ती वकील. वाटाणे सोलणं थांबवून तिने ते नीट वाचलं.

“चांगलं लिहिलंयस. जिंकशीलही कदाचित.”

“कदाचित काय, ताई? मला मत मांडायचं स्वातंत्र्य आहे!”

“आहेच. फुकट प्रवास चुकीचा आहे, हे खुशाल गावभर सांग. त्यासाठी कुणी तुला काढायला निघालं, तर तुझं वकीलपत्र घेईन. तेही फुकट! पण या तीन ओळींत ते मत आहे कुठे?”

सरांनी फोन काढून त्या ओळी पुन्हा वाचल्या.

“माझा मुलगा तुझ्याच हाताखाली शिकला. वर्गात तुझा नियम काय असतो रे?”

“समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. तो ‘हो, हेच’ म्हणाला, की मग खोडायचं.”

“तिचं मांडलंस?”

“तिथे कुठे एवढा वेळ असतो!”

“टोमण्याला बरा मिळाला! बरं, हेच वर्गात तिच्या तोंडावर का नाही बोललास?”

“वर्गात तिने लगेच उलट उत्तर दिलं अस...”

सर मध्येच थांबले. अरे! तिला उत्तर देता येऊ नये, अशीच जागा आपण शोधली होती!

समितीपुढे ते निवेदन त्यांनी वाचलंच नाही. “मत माझं आहे, ते मी मागे घेणार नाही. टोमणाही माझाच होता. त्याची माफी, जिथे मारला तिथेच, सगळ्यांदेखत मागितली आहे.”

नोकरी राहिली, विभागप्रमुखपद गेलं. कालचे चाहते म्हणाले, सरांनी शेपूट घातली. विरोधक म्हणाले, स्वस्तात सुटले.

काही दिवसांनी ती मुलगी वर्गात आली. हजेरी संपताच उभी राहिली.

“सर, माफी वाचली. पण तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. खर्च कोण करणार, असं तुम्ही विचारता. प्रवास परवडत नाही म्हणून ज्यांचं शिक्षण सुटतं, त्यांचं नुकसान कोण मोजणार?”

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी खडू उचलला, क्षणभर विचार केला आणि परत ठेवला.

“याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. शोधून आणतो. तूही शोध.”

“शोधते. पण सर, तुमचं मत बदललं का?”

“अजिबात नाही!”

आता मात्र सगळा वर्ग हसला, आणि तीही.

वाचकहो, मत मांडण्याचा हक्क आपल्या सर्वांचा आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. पण हातातल्या फोनवर बोट ठेवण्याआधी एवढंच स्वतःला विचारावं : समोरच्याचं उत्तर ऐकायची माझी तयारी आहे का? असेल, तर बेधडक लिहावं. नसेल, तर आपण मत मांडत नसतो. पळून जाता जाता दगड मारत असतो.